यंत्राला पाऊणकी शिकवली तेव्हा

कर्जतच्या आमच्या शाळेत कॉम्प्युटर आला तो थेट शिवणाच्या खोलीत, कारण दाराला धड कुलूप लागेल अशी शाळेत तेवढी एकच खोली होती. शिवणाच्या सहा मशिनी व्हरांड्यात आल्या. शिवणाच्या बाई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. कॉम्प्युटर मी मागितला नव्हता, तो सरकारी योजनेतून आला होता. पण तो चालवायचं शिक्षण घ्यायला अलिबागला मी गेलो होतो, म्हणजे आरोपी मीच.

मी तरी का गेलो? ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. कॉम्प्युटर हा शब्द वर्तमानपत्रात वाचायचा, इतकाच आमचा संबंध. हेडमास्तरांनी स्टाफरूममध्ये विचारलं, “आठ दिवसांचं शिबिर आहे. कोण जाणार?” त्याबरोबर सगळ्यांनी वह्या तपासायला पुढ्यात ओढल्या. त्या दिवशी माझ्या पुढ्यात वह्या नव्हत्या. शिवाय मी गणिताचा मास्तर. “यंत्र आकड्यांचं आहे, तुम्हीच जा,” झालं.

शिबिरात सकाळच्या तासांना मी अगदी पहिल्या बाकावर असायचो. दुपारी खानावळीत सुरमई असायची. जेवणानंतरच्या तासांना मी शरीराने हजर होतो. पहिल्याच सकाळी शिकवणारे साहेब म्हणाले, “या यंत्राला स्वतःचं असं काहीही येत नाही. तुम्ही शिकवाल तेवढंच ते करतं.” हे वाक्य मी वहीत उतरवलं आणि खाली दोन रेघा मारल्या. आयुष्यात मी ज्या वाक्यांच्या खाली रेघा मारल्या, त्यांनीच मला तोंडघशी पाडलं आहे, पण हे तेव्हा कळलेलं नव्हतं. स्वतःचं काही येत नाही, शिकवाल तेवढंच करतो. अहो, असा विद्यार्थी तर मी वीस वर्षं ओळखत होतो! तो पहिलीत बसतो आणि त्याला आधी पाढे शिकवावे लागतात.

आमच्या शाळेत दर जानेवारीत आनंदमेळावा भरायचा. मुलं दुकानं मांडायची, गाव यायचं, आणि दर वर्षी हिशेबावरून भांडणं व्हायची. सात वडे पाऊण रुपयाने किती झाले, यावर दहावीची पोरं आणि गिऱ्हाइकं हमरीतुमरीवर यायची. शिबिराच्या वहीत शेवटचा अभ्यास होता तो नेमका हाच, भाव आणि नग दिले की किंमत काढून दाखवा. मी स्टाफरूममध्ये उभा राहून जाहीर केलं, “यंदा मेळाव्याची सगळी बिलं कॉम्प्युटर करील.”

हेडमास्तर खुर्चीतून उठलेच. “खात्रीने?”

“शंभर टक्के.”

त्यांनी खिशातून एक पत्र काढलं. खालापूर तालुक्यात, कुंभिवलीच्या बाजूला हायवेलगत एक शाळा होती. तिने वर अर्ज केला होता की आमच्या मुलांना उद्या कारखान्यांत जायचं आहे, कर्जतवाले यंत्रावर नुसतं फडकं मारतात, तेव्हा ते आम्हाला द्यावं. मेळाव्याच्या दिवशी जिल्ह्याचे साहेब स्वतः येऊन बघणार होते. यंत्र कामाला लागलेलं दिसलं तर राहील. नाहीतर सोमवारी टेंपो येईल.

“आता सगळं तुमच्यावर,” हेडमास्तर म्हणाले. मागे बसलेल्या शिवणाच्या बाई आठवड्यात पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसल्या. टेंपो आला तर त्यांना खोली परत मिळणार होती.

मी कामाला लागलो. चौदा दुकानं ठरली होती. पहिलं वड्यांचं, भाव पाऊण रुपया. मी यंत्रासमोर बसलो आणि त्याला पाऊणकी, पाऊणचा पाढाच, शिकवायला घेतली. म्हणजे अक्षरशः. पहिली ओळ: पहिलं दुकान असेल आणि नग एक असेल, तर पाऊण रुपया छाप. दुसरी ओळ: पहिलं दुकान असेल आणि नग दोन असतील, तर दीड रुपया छाप. तिसरी: नग तीन, सव्वादोन. असं पन्नास नगांपर्यंत. एक्कावन्न वडे कोण घेणार? एका दुकानाच्या पन्नास ओळी, चौदा दुकानं, सातशे ओळी. मला त्या आकड्याने भीती वाटली नाही, उलट अभिमान वाटला. एवढा मोठा अभ्यासक्रम आजवर कुठल्या विद्यार्थ्याने पुरा केला होता?

टायपिंग मला एका बोटाने यायचं. म्हणून मी नववीचा वर्ग खिडकीबाहेर व्हरांड्यात बसवला आणि त्यांच्याकडून पाढे म्हणून घेतले. मशिनींच्या मधल्या जागेत बसून चाळीस पोरं एका सुरात ओरडायची, “तीन पाऊण सव्वादोन! चार पाऊण तीन! पाच पाऊण पावणेचार!” आणि मी आत टपटप. सव्वा रुपयाच्या मिसळीला सवायकी झाली, दीड रुपयाच्या भेळेला दिडकी झाली. पोरांना गणिताचा तास बुडाल्याचा आनंद, मला शिकवल्याचा. शाळेचे शिपाईमामा दारात स्टुलावर बसून हे सगळं बघायचे.

“सर, ह्यो शिकतोय का वो खरंच?”

“शिकतोय ना, मामा. एकदा सांगितलं की विसरत नाही.”

“मंग आमच्या पोरापेक्षा बरा हाय.”

बाई बाहेर मशिनीवर बसून सगळं ऐकत होत्या. त्यांचं मशीन मध्येच थांबायचं, परत चालायचं. असे तीन आठवडे गेले.

मेळावा शनिवारी. मंगळवारी दुपारी मी अकराव्या दुकानात, चिक्कीच्या, एकतिसाव्या ओळीवर होतो. ओळ टाइप केली, बटण दाबलं आणि पडद्यावर दोनच शब्द आले, ‘नो रूम’.

मी ती ओळ परत टाइप केली. नो रूम. थोडी आखूड केली. नो रूम. पेणची शेवटची एसटी भरली की कंडक्टर ज्या थंडपणे हात वर करतो, तसा तो पडदा.

“काय म्हंतोय?” मामांनी विचारलं.

“जागा नाही म्हणतोय. डोकं भरलं त्याचं.”

“तरी मी म्हनलं,” मामा म्हणाले, “येवढं एकदम शिकवू नये कुनाला.”

साडेतीन दुकानं शिल्लक होती. मी मनाशी म्हटलं, हरकत नाही, तेवढ्यांची बिलं हाताने करू, साहेबांना त्या बाजूला नेऊच नये. बुधवारी सकाळी दहावीची मुलं आली. “सर, तेल महागलं. वडा एक रुपया करतोय.” त्यांच्यामागून मिसळवाले. “सर, आमची पण दीड.” पन्नास अधिक पन्नास, शंभर ओळी पुसून नव्याने लिहायच्या. मी त्यांच्याकडे असं बघितलं की पोरं न सांगता वर्गात जाऊन बसली.

गुरुवारी शाळा सुटल्यावर मी यंत्रासमोर डोकं धरून बसलो होतो. बाई कात्री न्यायला आत आल्या. त्यांचं कपाट अजून याच खोलीत होतं. पडद्यावर माझ्या ओळी एकीखाली एक सरकत होत्या, वडा तेवीस, वडा चोवीस, वडा पंचवीस. बाई कात्री हातात घेऊन उभ्या राहिल्या.

“सर, एक विचारू? रागवाल.”

“रागवायचं बळ राहिलं नाही. विचारा.”

“याला गुणाकार येत नाही का?”

“बाई, याला स्वतःचं काही येत नाही. शिकवावं लागतं.”

“हो, पण त्याला नुसतं ‘गुण’ असं सांगता येत नाही का?”

मी हसलो. वीस वर्षं गणित शिकवलेला माणूस ज्या दयाळूपणे हसतो तसा. बाईंनी स्टूल ओढलं आणि समोर बसल्या. “हे बघा. वर्गात माझ्याकडे तीस मुली. प्रत्येकीच्या घरचं बाळ वेगळ्या मापाचं. झबलं बेतायला मी त्यांना काय शिकवते? छातीचा चौथा भाग, अधिक एक इंच. बस्स. सोळा इंची बाळाचं वेगळं, सतरा इंचीचं वेगळं, अठरा इंचीचं वेगळं, असं पाठ करून घेतलं असतं तर दिवाळीपर्यंत एक झबलं झालं नसतं. माप येईल तिथे माप घाला, बेतायची रीत तीच.”

“अहो पण ते झबलं...”

“आणि हे वडे. मला माझी खोली परत हवीय, सर, खोटं कशाला सांगू. सोमवारी टेंपो आला तर मी पेढे वाटीन. पण हे मला बघवत नाही.”

मी शिबिराची वही काढली. पानं उलटत दुपारच्या तासांपर्यंत आलो. तिथे माझं अक्षर हळूहळू उतरत जाऊन पानाच्या कोपऱ्यात आडवं झालं होतं. त्याच्या जरा वर, झोप लागण्याच्या आधीच्या शेवटच्या ओळीत, दोन आकड्यांच्या मध्ये एक चांदणी काढलेली होती. ती मी नक्षी समजत होतो. मी यंत्राला टाइप केलं, छाप, तीन, चांदणी, पाऊण. बटण दाबलं.

डोळ्याची पापणी लवायच्या आत सव्वादोन!

“सव्वादोन!” मी खुर्चीवरून उडालो. “बाई, सव्वादोन आले!”

“मग काय येणार होते?”

“सदतीस पाऊण बघू! पावणेअठ्ठावीस! बघा, बघा, पावणेअठ्ठावीस! याला येतंय, बाई! याला आधीपासून येत होतं!”

तीन आठवडे मी त्याला पाऊणकी घोकवत होतो आणि तो बिचारा गप्प बसून ऐकत होता. मला इतकी लाज वाटायला हवी होती की विचारू नका. पण खरं सांगतो, लाज नंतर आली, आधी हर्ष झाला. मी आकडे टाकत सुटलो. एकशे तेरा गुणिले सत्तावन्न. हजार गुणिले हजार. मामा स्टुलावरून उठून आले, त्यांनी आपलं वय गुणिले बारा करून बघितलं, आणि आपण इतके महिने जगलो हे कळल्यावर ते जरा वेळ गंभीर झाले.

मग मी बसलो आणि वहीत नवं लिहायला घेतलं. भावाची एक खूण, नगांची एक खूण, दोघांच्या मध्ये चांदणी. वड्याच्या दुकानाच्या पन्नास ओळींच्या चार ओळी झाल्या. नग किती ते विचार, गुण, छाप, परत वर जा. मी तशाच चार मिसळीच्या लिहिल्या. भेळेच्या चार लिहायला लागलो तेव्हा मागून बाई म्हणाल्या, “परत तेच.”

“आता काय झालं?”

“दुकान बदललं म्हणून रीत बदलते का? चौदा मुलींना चौदा कागद कशाला कापताय? भावांची एक यादी भिंतीला लावा, दुकानाचा नंबर आला की यादीतला भाव उचला. बाकीचं एकदाच लिहा.”

त्या बाईंनी आयुष्यात त्या यंत्राला बोट लावलेलं नव्हतं. मी निमूटपणे खोडलं. शेवटी उरल्या आठ ओळी. एकीत चौदा भाव ओळीने मांडलेले, बाकीच्या सातांत सगळं काम. वडा रुपयाचा झाला? यादीत एक आकडा बदला. संपलं. साडेपाचशे ओळी पुसायला एकच शब्द लागतो, तो मी टाइप केला आणि बटण दाबायच्या आधी हेडमास्तरांना बोलावून आणलं. मोठा विध्वंस साक्षीदारांसमोर करावा, असं मला वाटलं.

“सगळं पुसताय?” हेडमास्तर भिंतीला टेकले. “परवा साहेब येणार!”

मी बटण दाबलं. पडदा कोरा. मामा हळहळले, “तीन हप्ते टपटप केलं, तेवढं सगळं गेलं?” मग मी आठ ओळी घातल्या, दुकान पहिलं, नग सात, आणि पडद्यावर आलं, सात रुपये. हेडमास्तरांनी वड्यांपासून चिक्कीपर्यंत चौदाही दुकानं तपासली, प्रत्येक उत्तर कागदावर हाताने पडताळलं, आणि शेवटी मला विचारलं, “मग इतके दिवस तुम्ही काय करत होता?”

बाईंनी कात्री घेतली आणि त्या बाहेर गेल्या. हसू आवरायला गेल्या, हे त्यांच्या खांद्यांवरून दिसत होतं.

शनिवारी मैदान भरलं. रीत अशी ठरवली होती: दुकानातून नंबर आणि नग लिहिलेली चिठ्ठी घ्यायची, आमच्या खिडकीशी यायचं, पडद्यावर रक्कम येईल ती आम्ही चिठ्ठीवर लिहून द्यायची, आणि गिऱ्हाइकाने परत दुकानात जाऊन तेवढे पैसे मोजायचे. खिडकीशी ही झुंबड! ज्यांना काही घ्यायचं नव्हतं तेही आठ आण्यांचं काहीतरी घेऊन केवळ आकडा बघायला येत होते. एकाने सलग पाच वेळा एकेक लाडू घेतला. मी बटणं दाबत होतो, बाई चिठ्ठ्या लिहीत होत्या (हेडमास्तरांनी त्यांचं अक्षर चांगलं म्हणून बसवलं होतं), आणि अकरा वाजता साहेब आले.

साहेब शांत, बारीक, खिशाला दोन पेनं. दहा मिनिटं बघत उभे राहिले. मग म्हणाले, “मी स्वतः काहीतरी घेतो,” आणि मैदानात गेले. परत आले ते डझनभर आवळे रुमालात घेऊन, आणि त्यांच्या मागे टोपली घेऊन आवळेवाली.

ती आठवीतल्या एका मुलीची आई. कोंडाणे गावाच्या वरच्या अंगाला डोंगरात त्यांची वाडी. मुलीच्या दुकानाला आवळे तिनेच आणले होते आणि पोर कुठे भरकटली म्हणून दुकानावर तीच बसली होती. साहेबांनी चिठ्ठी दिली, दुकान बारावं, नग बारा. आवळा दहा पैशांचा. पडद्यावर आलं, एक रुपया वीस पैसे.

“नाय,” ती म्हणाली. “रुपाया.”

“अगं, यंत्र एक रुपया वीस म्हणतंय,” हेडमास्तर म्हणाले.

“मनू दे. पाचावं येक वर असतो. बारात दोन वर झालं. वरचा पैसा मी घेयाची नाय.”

“बाई, जास्तच मिळतायत तुम्हाला!” मी तिला म्हटलं.

“माज्या आयेनं घेतला नाय, मी कशाला घेऊ?”

साहेब माझ्याकडे वळले. “म्हणजे इथल्या बाजाराची रीत एक आणि तुमच्या यंत्राची दुसरी. मग हे इथे दाखवण्यापुरतंच आहे म्हणायचं.” त्यांनी खिशातलं एक पेन काढलं. मला त्या पेनात टेंपो दिसला.

जुन्या पन्नास ओळी असत्या तर मी त्या क्षणी राजीनामा दिला असता. पण आता? आता गुणाकार एकाच ओळीत होता. मी बाईंकडे बघितलं.

“सहा-सहाचे गट करा,” बाई झरझर म्हणाल्या. “पूर्ण गट जितके, तितके नग वजा. मग गुणा.”

“अर्धवट गट?”

“तो सोडून द्यायचा. त्यात वर नाही.”

अपूर्णांक छाटून टाकणारा एक शब्द होता, तो सकाळच्या तासाला शिकवला होता, म्हणून मला येत होता! मी एक ओळ घातली, बाराव्या दुकानापुरती. नग भागिले सहा, अपूर्णांक छाट, येईल ते नगांतून वजा कर. एका बोटाने टाइप करताना मागे शंभर माणसांचा श्वास मानेला लागत होता. बटण दाबलं. दुकान बारा, नग बारा.

एक रुपया.

“हां!” आवळेवाली म्हणाली. खिडकीबाहेर आरडाओरडा झाला. साहेबांनी हात वर केला. “सतरा टाका.” मी सतरा टाकले. दीड रुपया. ती खाली बसली, जमिनीवर आवळे मांडले, पाच आणि वर एक, पाच आणि वर एक, आणि पाच. वरचे बाजूला करून बोटाने मोजले. “पंदरा. देड रुपाया. बराबर हाय.” साहेबांनी तेवीस सांगितले, तिने मांडले. एकोणतीस सांगितले, तिने मांडले. यंत्र आणि ती, दोघं एकमेकांना एकदाही सोडत नव्हते. साहेब लहान मुलासारखे वाकून बघत होते. मग उठले, शेरेबुकात लिहिलं, ‘यंत्र येथेच राहावे’, आणि विचारलं, “ही रीत कुणी बसवली?”

हेडमास्तरांनी माझ्याकडे बोट केलं. हो म्हणायला काय लागतं? एक शब्द. तो जिभेच्या टोकावर होता. पण बाई शेजारीच बसल्या होत्या आणि हातात कात्री नसली तरी त्यांची नजर होती.

“यांनी,” मी म्हटलं. “शिवणाच्या बाईंनी. मी याला पाऊणकी शिकवत होतो.”

ते वाक्य साहेबांना समजावून सांगावं लागलं. समजल्यावर ते इतके हसले की त्यांचं एक पेन खाली पडलं. मग त्यांनी शेरेबुकात आणखी एक ओळ घातली, यंत्राची जबाबदारी शिवणाच्या बाईंकडे द्यावी. बाईंनी तिथल्या तिथे विचारलं, “म्हणजे खोलीची किल्ली माझ्याकडे?”

“अर्थात.”

“मग मशिनी आजच आत घेते. हे यंत्र त्या कोपऱ्यात मावेल.”

साहेब चहा न घेताच निघाले. गर्दी पांगली. मी खुर्चीवर बसून त्या एका ओळीकडे बघत होतो, सारखा बघत होतो, तेवढ्यात खिडकीवर टकटक झाली. आवळेवाली.

“मास्तर, आकडा बराबर आला. पन माजा रुपाया?”

मी खिडकीतून बघितलं. साहेब रुमाल हातात झुलवत मैदान ओलांडून फाटकाजवळ पोचले होते, बरोबर हेडमास्तर, मागे चहा घेऊन मामा. इतक्या वेळा हिशेब झाला आणि पैसे द्यायचे कुणाला सुचलेच नव्हते. माझ्या खिशात फक्त खडू होता. मी धावत सुटलो. वड्यांच्या, मिसळीच्या, चिक्कीच्या दुकानांमधून, अख्ख्या कर्जतच्या देखत, जिल्ह्याच्या साहेबांमागे ओरडत, “साहेब! एक रुपया! साहेब, एक रुपया द्या!”

हेडमास्तर वळले. त्यांचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही.